साळुंखे सरांचं चौथं पान

सर गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही, टाइप करायला दिलं. सकाळी ऑफिसात येऊन मी पर्स खुंटीला अडकवते न अडकवते तोच आमच्या शाळेच्या शिपायाने, बाळारामने, संस्थेच्या चिटणिसांची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. ‘विद्यालयाचे ज्येष्ठ गणित शिक्षक श्री. साळुंखे यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा...’ एवढं वाचलं आणि मला वाटलं, नाव चुकलं असणार. चिटणिसांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. बाळाराम दारातच घुटमळत होता. ‘कवा?’ मी विचारलं. ‘पहाटं. झोपंतच,’ तो म्हणाला. ‘वहिनींनी चाय ठेवली नि हाक मारली, त...’ मी ठराव टाइप केला. चार प्रती. त्यात ‘निष्कलंक’ असा एक शब्द होता आणि तिथे माझी बोटं अडली. याच चिटणिसांनी याच टेबलावर माझ्याकडून दीड वर्षापूर्वी सरांबद्दल दुसरं एक पत्र टाइप करून घेतलं होतं. तेव्हा हा शब्द कुठे गेला होता कोण जाणे. त्या पत्रात काय होतं ते मी सांगणारच आहे. तेवढ्यासाठीच तर लिहायला बसले.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढं लिहावं म्हणतात. लिहीन की. सरांबद्दल वाईट लिहायला मुळात फारसं नाहीच. चहा फुरफुर आवाज करत प्यायचे, खडूचा हात माझ्या टेबलाला पुसायचे, आणि एखाद्या पोराने उत्तर बरोबर आणून रीत चुकीची लिहिली तर सबंध कॉरिडॉर ऐकेल असे ओरडायचे. झालं, संपलं वाईट. या लेखात जे वाईट आहे ते सरांचं नाही.

सर उरणला आले ते चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास. मला शाळेत टायपिस्ट म्हणून लागून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. मी इथलीच, मोऱ्याची. आमच्या घरात मॅट्रिक झालेली पहिली बाई, त्यामुळे नाक जरा वरच होतं. सर कराडच्या बाजूचे. मुंबईहून लाँचने आले आणि येताना इतके ओकले की धक्क्यावर उतरल्यावर आधी आपल्याच ट्रंकेवर बसले आणि मग शाळा कुठे ते विचारलं. त्यानंतर जन्मात पुन्हा लाँचमध्ये पाय ठेवला नाही. मुंबईला जायचं झालं तर पनवेलवरून एस.टी.ने वळसा घालून जायचे. गणितं मात्र सगळी लाँचवरच घालायचे. ‘मोऱ्याहून निघालेली लाँच प्रवाहाच्या दिशेने अमुक वेळात आणि प्रवाहाविरुद्ध तमुक वेळात...’ एका वर्षी करंज्याच्या एका कोळ्याच्या पोराने उत्तराच्या जागी लिहिलं, ‘ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, म्हणून हे गणित सुटणार नाही.’ सगळे मास्तर हसले. सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पुढच्या वर्षीच्या कागदात ओळ घातली: ‘भरती आहे असे धरा.’ ती ओळ शेवटपर्यंत तशीच राहिली.

कागद म्हणजे सरांचे गणिताचे कागद. पोरं त्यांना ‘सरांचा कागद’ एवढंच म्हणायची. त्यांची रीत जगावेगळी होती. त्या काळी प्रती काढायच्या तर स्टेन्सिल कापायची. मेणाचा पातळ कागद टाइपरायटरला लावायचा, रिबन बाजूला सरकवायची आणि नुसत्या खिळ्यांनी टाइप करायचं. अक्षरांच्या जागी मेण निघतं, मग सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर तिथूनच शाई झिरपते. बाकीचे मास्तर नुसते प्रश्न कापून घेत आणि उत्तरं फळ्यावर लिहीत. सर एकाच स्टेन्सिलवर प्रश्न आणि त्याच्याखाली पायरी-पायरीने सोडवलेलं उत्तर कापून घ्यायचे. मग उत्तरांच्या जागी आतून बटरपेपरच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि पहिला गठ्ठा काढायचा: फक्त प्रश्न, खाली मोकळी जागा. पोरांनी तिथे सोडवायचं. आठ दिवसांनी पट्ट्या सोडवायच्या आणि दुसरा गठ्ठा काढायचा, तोच कागद उत्तरांसकट. पोराने दोन्ही शेजारी ठेवून आपलं कुठे घसरलं ते स्वतः बघायचं. शेवटी स्टेन्सिल पुसून, वर्तमानपत्रात दाबून कपाटात. पुढच्या वर्षी आकडे तेवढे करेक्शन फ्लुइडने बुजवून नवे घालायचे. ‘एकदा नीट केलेलं काम पुन्हा का करायचं, म्हात्रेबाई?’ ते म्हणायचे. ‘पोरं दरवर्षी नवी येतात की. गणित कशाला नवं पाहिजे?’

पट्ट्या कापायचं काम माझं. आकृत्या, अपूर्णांकांच्या रेघा, वर्गमुळाची चिन्हं सर स्वतः लोखंडी लेखणीने स्टेन्सिलवर कोरायचे, जीभ दाताखाली धरून. बाळाराम यंत्राचा दांडा फिरवायचा. शनिवारी दुपारी शाळा सुटली की आमचं तिघांचं हे दुकान सुरू व्हायचं. मी सुरुवातीला फार कुरकुर केली. मला काय पडलं होतं? पण पट्टी बरोबर बसली आणि उत्तराचं एक अक्षरही फुटलं नाही की सर कागद उजेडात धरून म्हणायचे, ‘वा, म्हात्रेबाई! चोर शिरायला फट नाही ठेवलीत.’ अशी शाबासकी मला घरी कधी मिळाली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मी शनिवारची वाट बघायला लागले.

पोरंही वस्ताद. मोकळी जागा उत्तराएवढीच असते हे त्यांच्या लक्षात आलं. कमी जागा म्हणजे सोपं गणित, आधी तेच सोडवायचं. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन ओळींच्या एका गणिताखाली अर्धं पान मोकळं सोडलं. वर्गातल्या हुशार पोरांनी ते गणित घाबरून सोडून दिलं. सर आठवडाभर हसत होते. असली चेष्टा करून घेणारा आणि करणारा मास्तर मी तरी दुसरा पाहिला नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी जवळच्या एका कंपनीने आपला जुना कॉम्प्युटर आमच्या शाळेला देऊन टाकला. देवनागरीचं कार्ड बसवलेला, सोबत खरखरणारा प्रिंटर. चिटणिसांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि प्लॅस्टिकचं कव्हर चढवून ठेवून दिला. ते कव्हर काढलं सरांनी. पन्नाशी उलटलेला माणूस, पण रोज शाळा सुटल्यावर दोन बोटांनी टकटक करत बसायचा. मी टायपिस्ट, मला ते बघवेना. ‘उठा सर, बोटं मोडतील,’ म्हणून मी बसले आणि आम्ही दोघं मिळून तो टायपिंगचा प्रोग्रॅम शिकलो. एक दिवस सर त्याचं जाडजूड पुस्तक घेऊन ऑफिसात धावतच आले. ‘म्हात्रेबाई, तुमची पट्टी सापडली!’ म्हणजे काय, तर ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं दिली की ती ओळ पडद्यावर दिसते पण छापली जात नाही. प्रश्न साधे लिहायचे, उत्तराच्या प्रत्येक ओळीआधी दोन टिंबं. छापलं की नुसते प्रश्न. टिंबं काढून छापलं की उत्तरांसकट. वर आणखी एक सोय होती: आकड्यांना नावं देता यायची. लाँचचा वेग वर एकदाच बारा लिहिला की खाली प्रश्नात आणि उत्तरात आपोआप बारा. सर लहान पोरासारखे एकदा बारा, एकदा पंधरा करून बघत राहिले. ‘आता मी रिटायर झालो तरी कागद चालत राहील,’ ते म्हणाले. रिबन काढून प्रिंटरला सरळ स्टेन्सिलच लावली की त्याच्या अक्षरं उठवणाऱ्या बारीक टाचण्या मेण कापतात, हे त्यांनीच शोधलं. आकृत्या मात्र अजून हातानेच कोरायचे.

या नव्या पद्धतीत त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी मला दहादा तरी ऐकवला असेल: आधी प्रश्न छापायचे, मग उत्तरं. उलटं कधी नाही. फाइल कायम टिंबांसकट ठेवायची. टिंबं काढायची ती नक्कल केलेल्या फाइलमध्ये, मूळ फाइलला हात लावायचा नाही. मला राग यायचा. मी पंधरा वर्षं टायपिंग करणारी बाई, मला हे शिकवणार? ‘येतं मला, सर,’ मी म्हणायचे. ‘येतं हो, पण घाई करू नका,’ एवढंच त्यांचं उत्तर.

गेल्या वर्षीचा जानेवारी. दहावीची पूर्वपरीक्षा. गणिताचा पेपर सरांनी काढलेला, आमच्या शाळेबरोबर तालुक्यातल्या आणखी तीन शाळांत जाणारा. सर दिवसभर वर्गावर होते. मला दुपारच्या एस.टी.ने पनवेलला नणंदेकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. सकाळपासून पत्रं टाइप करत असल्यामुळे प्रिंटरला रिबन लावलेलीच होती. आधी प्रश्नांच्या स्टेन्सिल कापायच्या तर रिबन काढा, मग तपासनिसांच्या पाकिटासाठी उत्तरं साध्या कागदावर छापायची तर ती परत लावा... दोनदा हात काळे कोण करणार? ठेवणीतली साडी नेसून आले होते. मी उलटं केलं. मूळ फाइलमधली टिंबं काढली, उत्तरं आधी छापून पाकीट बंद केलं, मग रिबन काढली, टिंबं परत घातली आणि स्टेन्सिल कापल्या. तीन पानांवर टिंबं घातली. चौथ्यावर घालायची राहिली. मेणाच्या कागदावर अक्षर दिसत नाही, उजेडात धरून नीट बघावं लागतं. आकृत्यांची पानं तेवढी मधल्या सुट्टीत सरांच्या हाताखालून गेली. चौथ्या पानावर एकही आकृती नव्हती, म्हणून ते गेलं नाही.

आणि हेही लिहिते, कारण अर्धं सांगायचं असेल तर सांगूच नये. बाळाराम दांडा फिरवता फिरवता थांबला होता. ‘बाय,’ तो म्हणाला, ‘यो चौथा पान शाई जाम खातंय. बाकीच्यांपरीस भरलेला दिसतंय.’ तो जेमतेम चौथी शिकलेला, पण वर्षानुवर्षं दांडा फिरवून त्याच्या हाताला कळलं होतं. मी घड्याळाकडे बघत होते. ‘तू छाप. वाचायला नाही सांगितलं तुला,’ मी म्हणाले. त्याने छापलं. मी गठ्ठे बांधले, लाखेचं सील केलं आणि पनवेलची गाडी पकडली. नणंदेने वाण म्हणून प्लॅस्टिकची साबणदाणी दिली.

परीक्षेच्या दिवशी पेपर वाटून वीस मिनिटं झाली असतील. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, सहाव्याचं आणि सातव्याचं उत्तर इथंच दिलंय.’ त्या वर्गावर सर स्वतःच होते. बाळाराम पाणी द्यायला गेला होता, त्याने नंतर मला सांगितलं की सरांनी तिचा कागद घेतला, चौथं पान उलटलं आणि खालपर्यंत वाचलं. मग शांतपणे म्हणाले, ‘सगळ्यांनी पेपर बाकावर ठेवा.’ चारही शाळांतला पेपर रद्द झाला. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी तयार होती, आणि काय बातमी! साळुंखे मास्तर घराच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं शिकवतात ना, त्यांच्यासाठी उत्तरांचा वेगळा गठ्ठा छापला होता, तो चुकून शाळेच्या गठ्ठ्यात मिसळला. ओट्यावरच्या त्या पोरांकडून सरांनी कधी एक पेन घेतलं नव्हतं. पण बातमी इतकी चपखल होती की लोकांना ती सोडवेना. चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत, बस स्टँडवर... ज्यांच्या पोरांना सरांनी दहावी पार करून दिली तेच मान हलवत होते.

चौकशी चिटणिसांनी केली. त्यांच्या खोलीत सर, मी आणि कमिटीचे दोघं. ‘कॉम्प्युटर कोण चालवतं?’ त्यांनी मला विचारलं. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं: ‘फाइल सरांची आहे. पद्धत सरांची आहे.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. असं खरं बोलायला मला किती पटकन सुचलं! सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही... रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना सगळं कळलेलं होतं. टिंबं कुठल्या हाताने काढली आणि कुठल्या हाताने घातली नाहीत हे त्यांच्याशिवाय कोणाला कळणार? मग ते चिटणिसांना म्हणाले, ‘पेपर मी काढला. जबाबदारी माझी.’ आणि खुर्चीवरून उठले. मी आजही त्यांच्यावर चिडते यासाठी. माझं नाव घ्यायचं होतं! घेतलं असतं तर मी भांडले असते, आरडाओरडा केला असता, आणि भांडता भांडता खरं बोलून गेले असते. मी स्वतःला ओळखते. त्यांनी मला ती संधीच दिली नाही.

त्या दिवशी मी टाइप केलेलं पत्र असं होतं: ‘आपल्या वर्तनामुळे विद्यालयाच्या लौकिकास बाधा आली असून आपणांस परीक्षाविषयक सर्व कामांतून मुक्त करण्यात येत आहे.’ मूळ प्रत सरांना, दुसरी संस्थेला, तिसरी माझ्या कपाटात. जूनमध्ये मुख्याध्यापकांची जागा रिकामी होणार होती आणि सेवाज्येष्ठतेने ती सरांची होती. ती बाहेरून आणलेल्या एका गृहस्थांना मिळाली. चिटणिसांना सर तसेही नकोच होते, वाकत नव्हते ना. माझ्या चौथ्या पानाने त्यांचं काम सोपं करून दिलं. कॉम्प्युटरवर पुन्हा कव्हर चढलं आणि किल्ली माझ्याकडे आली. माझ्याकडे! मला पगारवाढही त्याच वर्षी मिळाली.

घरी मी नवऱ्याला सांगितलं होतं, त्याच रात्री. आमची जमीन नव्या शहरासाठी गेलेली, त्याला धड काम नाही, घर माझ्या नोकरीवर चाललेलं. तो म्हणाला, ‘गप ऱ्हा तू. मास्तर मोठा मानूस हाय, त्याला कोन काय करतंय? तुझी नोकरी गेली त पोरां काय खातील?’ मी त्याच्यावर ढकलत नाही. त्याने नुसतं सांगितलं, गप्प मी राहिले. आणि मला ते फार अवघड गेलं असंही नाही. पहिले आठ दिवस जेवण गेलं नाही, मग जायला लागलं.

एकदा, फक्त एकदा, मी कॉरिडॉरमध्ये सरांना गाठलं. ‘सर, ते पान चार...’ एवढं म्हटलं आणि वाक्य तिथेच सोडलं. ते थांबले. त्यांच्या हातात वह्या होत्या. ‘म्हात्रेबाई,’ ते म्हणाले, ‘तुमची पोरं कितवीत आहेत?’ मी म्हटलं, थोरला नववीत. ‘मग त्याला ओट्यावर पाठवा. भूमिती कच्ची असेल त्याची.’ आणि ते पुढे गेले. मी पोराला पाठवलं. होय, पाठवलं! लाज सोडली की सगळं जमतं. तो संध्याकाळी हाताने लिहिलेला गणितांचा कागद घेऊन यायचा, कार्बन लावून काढलेला, पाचवी-सहावी प्रत, अक्षर धूसर. शाळेचं यंत्र बंद झाल्यावर सर घरी कार्बनवर कागद काढत होते. प्रश्नांचा एक संच, उत्तरांचा दुसरा, दोन्ही हाताने. एकदा केलेलं काम पुन्हा करायचं नाही म्हणणारा माणूस तेच गणित चार-चार वेळा लिहीत होता. माझा पोरगा यंदा दहावी झाला. गणितात चांगले मार्क पडले. पेढे घेऊन मी पोरालाच पाठवलं, स्वतः गेले नाही. महिन्याभराने सर गेले.

शोकसभेत चिटणीस बोलले. गळा दाटून आल्याचं दाखवून त्यांनी रुमाल काढला. ‘सरांच्या जाण्याने शाळा पोरकी झाली,’ म्हणाले, ‘त्यांच्या गणिताच्या कागदांची परंपरा आम्ही पुढे चालवू.’ टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना, मग काहींनी वाजवल्या. माझ्या शेजारी बाळाराम उभा होता. मी हळूच विचारलं, ‘तू तेव्हा बोलला का नाहीस रे?’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘माना कोनी इचारला नाय. तुमाला त इचारला होता.’

दुसऱ्या दिवशी मी अर्ज टाइप केला. चिटणिसांच्या नावाने. पूर्वपरीक्षेच्या गणिताच्या पेपरचं चौथं पान माझ्या चुकीने उत्तरांसह छापलं गेलं, शिपायाने सावध करूनही मी ऐकलं नाही, श्री. साळुंखे यांचा त्यात काही दोष नव्हता, चौकशीत मी हे लपवलं. तरी त्यांच्यावरील ठपका लेखी मागे घ्यावा, ही विनंती. खाली सही केली. शाळेत येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक शिक्का मारायचं आणि नंबर टाकायचं काम माझंच, त्यामुळे माझ्या अर्जावर शिक्का मीच मारला, नंबर मीच टाकला आणि चिटणिसांच्या ट्रेमध्ये मीच ठेवला. नोकरी जाईल या तयारीने गेले होते. चिटणिसांनी बोलावलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला, कोपऱ्यात लाल शाईने शेरा: ‘दप्तरी दाखल.’ म्हणजे वाचलं, आता फाइलला लावून टाका. शाळेतले कागद फाइलला लावायचं कामही माझंच आहे. मी पंच घेतला, दोन भोकं पाडली आणि लावला. ज्या वर्तमानपत्रासाठी मी हे लिहिते आहे ते नसतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. हा लेख छापून आला की त्याचं कात्रणही माझ्याच टेबलावरून जाईल बहुतेक.

अर्जाची एक प्रत मी वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, नेऊन दिली. बोरीतली भाड्याची दोन खोल्यांची जागा, ओट्यावर आता पोरं नाहीत. वहिनींनी उभ्यानेच वाचलं, हळूहळू, शिक्क्यापर्यंत. मी म्हणाले, ‘वहिनी, मला शिव्या द्या.’ त्या म्हणाल्या, ‘आवं, शिव्या देऊन काय करायचं? आमाला ठाऊकच हुतं की. ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं.’ कागदाची घडी घालून त्यांनी ती फळीवरच्या डब्याखाली ठेवली. ‘मी लई भांडले त्येंच्याशी. तुमच्या घरी येणार हुते, केस धरून आणणार हुते तुमाला चौकात. हे म्हणाले, बाईनं स्वतःहून सांगितलं तर खरं, वदवून घेतलं तर त्यात काय राहिलं. दीड वर्ष वाट बघितली त्येंनी, म्हात्रेबाई. तुम्ही येताय म्हणून.’ एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली. चहा विचारला नाही. का विचारावा?

‘मला भाजी आणायची हाय,’ त्या म्हणाल्या आणि कुलूप लावलं. मी त्यांच्याबरोबर निघाले. नाक्यावर बाजाराचा रस्ता सरळ जातो, पाच मिनिटांचा. वहिनी डावीकडे वळल्या, मिठागरांच्या बांधाकडे. तिकडून बाजार गाठायचा म्हणजे सबंध गावाला वळसा, तोही उन्हात, काट्याकुट्यांतून. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. ‘वहिनी, बाजार इकडून,’ मी म्हणाले. त्या थांबल्या. ‘हे इकडनंच जायचे,’ त्या म्हणाल्या. ‘शाळेला, दुकानाला, समदीकडं. बाजारातनं गेलं की लोक थांबवायचे, त्या पेपराचं काय झालं म्हणून विचारायचे. एकदाबी सरळ रस्त्यानं गेले नाहीत दीड वर्ष. मीबी त्येंच्यासंगं इकडनंच. आता पायाला तीच सवय.’

‘अहो, पण आता मी लिहून दिलंय,’ मी म्हणाले.

‘कुणाला ठाऊक हाय?’ त्या म्हणाल्या, आणि बांधावर चढून चालायला लागल्या. एका बाजूला मिठाचे ढीग, दुसऱ्या बाजूला चिखल, मध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट. त्या वळेपर्यंत मी नाक्यावर उभी होते.

मग मी सरळ बाजारातून घरी आले. मला वाटेत कोणी काही विचारलं नाही.